लाईव्ह रॉकमधून निघालेला खेकडा: एमराल्ड की आणखी कुणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन महिन्यांपूर्वी खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी फ्लोरिडाहून मागवलेल्या लाईव्ह रॉकमधून (जिवंत जीवांसकट येणारा समुद्रातला दगड) इंचभर खेकडा निघालाय. फक्त रात्री दिसतो, पाठीवर केस आहेत, नांग्यांची टोकं काळी आहेत, पण रंग हिरवट वाटतो. तो तुमचा क्लाऊनफिश खाताना दिसला, म्हणजे त्यानेच मारला असंही तुम्ही म्हणता. मग हा एमराल्ड क्रॅब, म्हणजे टँकमधलं शेवाळ खाणारा हिरवा खेकडा, असेल का, आणि राहू दिला तर चालेल का?

फोटो धूसर आहे, तरी तुमच्या वर्णनावरून सांगतो, एमराल्ड नाही. हौशी मंडळी ज्यांना सरसकट 'गोरिला क्रॅब' म्हणतात त्या गोतावळ्यातला आहे, बहुधा पिलम्नस नावाचा केसाळ खेकडा. बाहेर काढा.

रंगावर अजिबात जाऊ नका. टँकच्या निळ्या दिव्यात तपकिरी खेकडाही हिरवा दिसतो, त्यात पाठीवर शेवाळ धरलं की विचारूच नका. बघायचं ते नांगीचं टोक. एमराल्डची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात, कारण त्याला दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं असतं. पाठ चकचकीत असते, केस असतात ते पायांवर. तुमच्याकडच्यासारखी काळी, टोकदार नांगी शंख फोडायला आणि मांस तोडायला असते.

काळी टोकं पण पाठ गुळगुळीत असती, तर मी स्टोन क्रॅबचं पिल्लू म्हटलं असतं. फ्लोरिडात याच्या फक्त नांग्या विकतात. पकडायचा, नांगी मोडून घ्यायची आणि खेकडा परत समुद्रात. नांगी पुन्हा उगवते. मी अलिबागकडचा, त्यामुळे मला हे पचायला जरा जड गेलं. अख्खी चिंबोरी हातात असताना नुसता डेंगा काढून घ्यायचा? असो. आणि मागचे दोन पाय आपल्या चिंबोरीसारखे चपटे, वल्ह्यासारखे दिसले तर तो पोहणारा खेकडा. तो झोपलेला मासाही धरतो, त्याला एक दिवसही ठेवू नका.

दगड कुठला हे तुम्ही आपणहून लिहिलंत ते बरं झालं, अर्धी ओळख तिथेच पटते. तिकडे समुद्रातला नैसर्गिक दगड उचलण्यावर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच बंदी आली. आता खाणीतला चुनखडीचा दगड भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकतात, काही वर्षं तसाच ठेवतात आणि मग विकतात. तेवढ्यात त्यात अख्खी वस्ती झालेली असते. हाच दगड किंवा कोरल पॅसिफिकमधलं असतं तर मी इतक्या ठामपणे 'काढा' म्हटलं नसतं. तिथल्या पोसिलोपोरा कोरलच्या फांद्यांत ट्रॅपीझिया नावाचा छोटा खेकडा राहतो. तो कोरल खाणाऱ्या काटेरी तारामाशालाही चिमटे काढून पळवतो. त्याला हात लावू नका. तसाच पोर्सेलिन क्रॅब: चपटा, चालायचे पाय तीनच जोड्या दिसतात, आणि तोंडापुढे जाळीसारखा पंखा हलवून पाण्यातले कण टिपतो. निरुपद्रवी प्राणी.

माझ्या ४० गॅलनच्या टँकमध्ये तुमच्यासारखाच पाहुणा आला होता. एका बिळासमोर रिकाम्या शंखांचा ढीग पडायला लागला तेव्हा संशय आला. मग एके सकाळी वाळूवर खेकडा मरून पडलेला! बायकोला फोन करून बातमी दिली. रात्री टॉर्च मारला तर त्याच बिळात दोन डोळे, आणि स्वारी आधीपेक्षा मोठी. वाळूवर पडली होती ती कात. पाठीची ढाल मागच्या बाजूने झाकणासारखी उघडलेली, आत पोकळ, वजन जवळजवळ नाहीच. मेलेला खेकडा असता तर वास आला असता. ती कात पांढऱ्या बशीत ठेवून भिंगातून पाहिली, तेव्हा कुठे ओळख पटली. प्रत्येक केसात गाळ अडकलेला, उजवी नांगी डावीपेक्षा जाडजूड आणि तिच्या आतल्या बाजूला दाढेसारखे बोथट उंचवटे. शंख त्यांनीच फुटत होते.

आता पकडायचं कसं. सरळ उभ्या भिंतीचा काचेचा ग्लास घ्या, तळाशी कोळंबीचा तुकडा टाका आणि बिळाशेजारी दगडाला तिरका टेकवून ठेवा. खेकडा वासाने आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नाही. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. धीर मात्र हवा. मला पहिल्या दोन रात्री शंखातले खेकडेच मिळाले, आणि कात टाकल्यावर अंग मऊ असल्यामुळे आमचा चोर आठवडाभर बिळातून हललाच नाही.

ग्लास फसला तर सोडा वॉटर वापरा. बीळ असलेला दगड बाहेर काढा, टँकच्याच पाण्याच्या बादलीवर धरा आणि सिरिंजने बिळात साधं सोडा वॉटर मारा (साधंच, लिंबू सोडा नव्हे). खेकडा झटकन बाहेर पडतो. दगड त्याच बादलीत खळबळून परत ठेवा. मात्र त्या बिळातले चांगले जीवही यात जातात, म्हणून हा उपाय शेवटी. बोट कधीच घालू नका.

पकडल्यावर मारायलाच हवा असं नाही. माझा पुढे दोन वर्षं सम्पमध्ये (मुख्य टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) उरलंसुरलं खाऊन राहिला. मूळचा फ्लोरिडाचा असला तरी समुद्रात सोडू नका. १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसलेला लायनफिश टँकमधूनच सुटला असावा असं मानतात, आणि आज तो पूर्ण कॅरिबियनभर पसरलाय.

एक मात्र तुमच्या प्रश्नात खटकलं. क्लाऊनफिश त्यानेच मारला असं तुम्ही धरून चाललायत. त्याला मासा खाताना पाहिलंत, मारताना नाही. इंचभर पिलम्नसला धडधाकट क्लाऊनफिश सहसा सापडत नाही, आधीच मेलेला मासा मात्र तो लगेच ओढून नेतो. मासा खराब पाण्यानेही मेला असू शकतो, तेव्हा आजच पाण्यातला अमोनिया तपासा. आणि वाळूत कात सापडली तर नांगीचा जवळून फोटो टाका, पिलम्नसच का ते नक्की करू.