आधी पाणी पाहावे, मग नौका

वाचकांचे प्रश्न : छंद आणि कारागिरी

प्रश्न : मी रंकाळ्याजवळ राहतो. माझा नातू आठवीत आहे आणि त्याला रिमोटवर चालणारी शिडाची नौका हवी आहे. चौकशी केल्यावर चार पर्याय पुढे आले : खेळण्यांच्या दुकानात मिळणारी सुमारे ४० सेंटिमीटरची, त्याहून महाग ६५ आणि ९५ सेंटिमीटरच्या, आणि स्पर्धेत वापरली जाणारी एक मीटरची. ‘जितकी मोठी तितकी चांगली’ असे दुकानदार सांगतात. कोणती घ्यावी?
– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे अर्धे खरे आहे. मोठी नौका पाण्यावर अधिक स्थिर असते आणि थोडी वेगवानही असते. मात्र तिला किती खोल पाणी लागते, ती तळ्यापर्यंत कशी न्यायची आणि मध्येच अडकली तर कशी सोडवायची, हे प्रश्नही लांबीबरोबर वाढत जातात. त्यामुळे निवड पाण्यापासून सुरू करावी, असे आमचे मत आहे.

त्याआधी पहिला पर्याय बाजूला काढू. खेळण्यांच्या दुकानातील अनेक ‘शिडाच्या’ नौकांत शीड केवळ शोभेचे असते आणि नौका चालते ती तळाशी लपवलेल्या पंख्यावर. खऱ्या शिडाच्या नौकेत पंखा नसतो. तिच्या रिमोटवर किमान दोन चॅनेल असतात. एका चॅनेलने सुकाणू वळते आणि दुसऱ्याने विंच (दोरी गुंडाळणारी छोटी मोटर) शिडाची दोरी ओढते किंवा सैल सोडते. नौकेला पुढे नेण्याचे काम वाराच करतो. ती थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळत, तिला नागमोडी वाटेने वर चढावे लागते. या छंदाची सारी गोडी त्या चढण्यात आहे आणि पंख्याची नौका घेतली तर नातू नेमका तिलाच मुकेल.

दुसरी खूण तळाशी दिसते. नौकेखाली लांब, अरुंद पाते आणि त्याच्या टोकाला शिशाचा लंबगोल गोळा असायला हवा. खऱ्या जहाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती दिसायला देखणी असली तरी साध्या वाऱ्यातही आडवी होते. याचे कारण गणितात आहे आणि आपण शिक्षक असल्याने ते सविस्तर सांगण्याचा मोह होतो. आकार सर्व बाजूंनी निम्मा केला तर शिडाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि त्याची उंची निम्मी होते, म्हणजे नौकेला कलंडवणारा जोर एक अष्टमांश उरतो. पण नौकेचे वजन एक अष्टमांश होते आणि त्या वजनाची तरफही निम्मी होते, त्यामुळे तिला सावरणारा जोर एक षोडशांशावर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी छोट्या नौकांचे पाते प्रमाणाबाहेर लांब ठेवून त्याच्या टोकाला शिसे लावतात. स्पर्धेतल्या एक मीटरच्या नौकांचा ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा वर्ग, म्हणजे एकाच नियमांनी बांधलेल्या नौकांचा गट आहे. त्याच्या नियमांत नौकेचे वजन किमान ४ किलो असावे लागते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वजन पाते आणि गोळा यांचे असते.

आता पाणी. या एक मीटरच्या वर्गात नौकेचा पाण्याखालील भाग ३७ ते ४२ सेंटिमीटर खोल असतो. काठावरून सोडताना आणि परत घेताना पाते तळाला टेकू नये म्हणून सुमारे अर्धा मीटर मोकळे पाणी लागते. जिथे उभे राहणार तिथे काठीवर ५० सेंटिमीटरची खूण करून ती पाण्यात घालून पाहावी. पावसाळा संपताना आणि मे महिन्यात, असे दोनदा मोजावे, कारण पातळी बरीच बदलते. त्याहून मोठी अडचण जलपर्णी आणि पाणवनस्पतींची आहे. उभे पाते आणि सुकाणू यांत दोरे, पाने, निर्माल्य सहज गुंततात, आणि पंखा नसल्याने नौकेला मागे घेऊन ते सोडवता येत नाही. शीड सैल सोडून तिला वाऱ्याबरोबर मागे सरकू द्यावे, एवढाच उपाय हाती राहतो. काठ स्वच्छ नसेल त्या दिवशी नौका पाण्यात घालू नये, हे उत्तम.

वारा हा पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. कोटितीर्थासारख्या शहरातील लहान तळ्यावर भोवतालच्या झाडा-घरांमुळे वारा गिरक्या घेतो आणि नवशिक्याला आपली चूक कोणती आणि वाऱ्याची खोडी कोणती हे कळत नाही. रंकाळ्यासारखे विस्तीर्ण पाणी यासाठी चांगले. पश्चिमेकडून वारा वाहत असेल तेव्हा शहराकडच्या पूर्व काठावर उभे राहावे, म्हणजे बॅटरी संपली तरी नौका वाऱ्याबरोबर आपल्याकडेच येईल. कळंबा तलावातून शहराला पिण्याचे पाणी मिळत आले आहे, तेव्हा तिथला विचार सोडलेला बरा. रंकाळ्यावरही महापालिकेला आधी विचारून घ्यावे.

हे सारे जमेस धरता आम्ही ६५ सेंटिमीटरची नौका सुचवू. ‘ड्रॅगनफोर्स ६५’ हा या लांबीचा प्रचलित वर्ग आहे. नौकेचे वजन साधारण सव्वा किलो असते, डोलकाठी आणि पाते सुटे करता येतात, आणि सारे सामान एका पिशवीत घालून स्कूटरवरून तळ्यावर नेता येते. एक मीटरची नौका उभी डोलकाठी लावून न्यायची तर चारचाकीच लागते. वेगातला फरक मात्र ऐकताना वाटतो तेवढा नाही. नौकेचा नेहमीचा वेग लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ६५ सेंटिमीटरला तो ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर येतो, तर एक मीटरला साडेचार, म्हणजे दोन्ही नौकांबरोबर काठाने चालत जाता येते. ९५ सेंटिमीटरची नौका मधली आहे. ती लाटांत अधिक शांत चालते, पण पहिली नौका म्हणून तिच्यासाठी जास्त पैसे घालण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. ते पैसे शिल्लक असतील तर ६५ च्या दोन सारख्या नौका घ्याव्यात. एकट्या नौकेचा कंटाळा लवकर येतो, आणि नौका तंतोतंत सारख्या असल्या की आजोबा हरले तर दोष नौकेवर ढकलता येत नाही.

शिडांचा एकच संच घेऊन थांबू नये. या वर्गात कमी-जास्त वाऱ्यासाठी वेगवेगळ्या आकारांचे संच मिळतात. हिवाळ्यातील मंद सकाळी मोठे शीड लागते. जून ते सप्टेंबरच्या नैर्ऋत्य वाऱ्यात तेच शीड नौकेला सतत आडवे पाडते आणि सुकाणू पाण्याबाहेर येऊन निकामी होते, म्हणून लहान संच हवा. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग दिसू लागले की नौका काठावर घ्यावी. त्या वाऱ्याला कोणताच संच पुरत नाही.

प्रश्न : माझे उद्यमनगरात लहान वर्कशॉप आहे. अशी नौका स्वतः बनवता येईल का? शिशाचा गोळा ओतणे मला कठीण वाटत नाही.
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : अवश्य बनवता येईल, आणि त्यासाठी ‘आरजी ६५’ हा वर्ग पाहावा. त्यात नौकेची लांबी ६५ सेंटिमीटर आणि शिडांचे क्षेत्रफळ २२५० चौरस सेंटिमीटर, या मर्यादा पाळल्या की आकार आणि साहित्याची बरीच मोकळीक असते. बाल्सा लाकडाच्या पट्ट्यांवर पातळ फायबर कापड आणि एपॉक्सी लावून नौकेचे उत्तम कवच होते. शीड पातळ पॉलिस्टर फिल्मचे करावे, कारण भिजून जड होणारे कापड नौकेचा तोल बिघडवते.

गोळ्याविषयी आपला आत्मविश्वास रास्त असला तरी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. साच्यात ओलावा राहिला तर त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू उसळतो, म्हणून साचा पूर्ण वाळवून आणि तापवून घ्यावा. दुसरे म्हणजे शिशाची धूळ आणि मळी अन्नावाटे शरीरात जाते. काम उघड्यावर करावे, जेवणापूर्वी हात धुण्याची आणि कपडे बदलण्याची शिस्त ठेवावी आणि मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. तयार गोळ्यावर एपॉक्सी आणि रंगाचा थर दिल्यावरच तो घरात न्यावा.

प्रश्न : नौका तळ्याच्या मध्यावर बंद पडली तर काय करावे?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पोहत जाऊ नये. गळाच्या लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो नौकेच्या पलीकडे फेकावा आणि दोरी नौकेवर आडवी येईल अशी हळूहळू ओढावी, ती डोलकाठीत किंवा सुकाणूत अडकते. तेवढ्याने जमत नसेल तर वारा तिला कोणत्या काठाला नेतो ते पाहून तिथे जाऊन थांबावे. बंद पडण्याचे नेहमीचे कारण अर्धवट चार्ज झालेले सेल असते, कारण जोराच्या वाऱ्यात विंच बराच करंट ओढते आणि व्होल्टेज पडले की रिसीव्हर बंद होतो. रिमोटमध्ये फेलसेफची सोय असेल तर सिग्नल तुटताच शीड सैल सुटेल असे ती लावून ठेवावी.