डेव्हलपर एकमेकांना कसं सांगतात

दादर, मुंबई

प्रिय,

तुमचं टूल डेव्हलपरांमध्ये कर्णोपकर्णी पसरवायचं काम तुझ्याकडे आलंय, आणि काही ओळखीच्या डेव्हलपरांना पैसे देऊन चांगलं बोलायला लावावं असं कंपनीत घाटतंय, असं तू कळवलंस. ते होऊ देऊ नकोस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी आर्थिक संबंध असतील तर ते उघड सांगावे लागतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला त्याची चीड आहे.

अंधेरीच्या सीप्झमधली एखादी इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत शेजारच्याला म्हणते, ‘हे वापरून बघ’, तेव्हा ती स्वतःची पत पणाला लावते. नवी आवृत्ती बाहेर काढायच्या ऐन रात्री तुमचं टूल अडकलं, तर बोलणी तिला खावी लागतात. म्हणून तिचं ते एक वाक्य इतकं वजनदार असतं, आणि त्यात पैसे शिरले की ते वजन जातं. रेफरलचे पैसे वाटण्याबद्दलही माझं हेच मत आहे.

मग करायचं काय? सांगणाऱ्याची मान खाली जाणार नाही, एवढं बघायचं. तिनं सांगितल्यावर शेजारचा त्याच दुपारी डॉक्युमेंटेशन, म्हणजे टूल कसं वापरायचं याची माहिती, उघडतो. पहिलंच उदाहरण कॉपी करून चालवलं आणि एरर आली, तर तो पुन्हा फिरकत नाही. तीही पुन्हा कुणाला सांगत नाही. एररचा मेसेजही ‘काहीतरी चुकलं’ एवढाच नको. काय चुकलं आणि आता काय करायचं, हे त्यात हवं. तुमच्या जाहिरातीचं निम्मं बजेट मी या दोन गोष्टींवर लावेन.

पोस्टमन या टूलचं बघ. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची सोय, ते तपासायला डेव्हलपर ते वापरतात. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये ते क्रोमचं फुकट एक्स्टेन्शन म्हणून काढलं. कंपनी झाली २०१४ मध्ये. एकानं आपल्या एपीआय रिक्वेस्टचं कलेक्शन सहकाऱ्याला पाठवलं की ते चालवून बघायला सहकारीही पोस्टमन घेतो. वापरण्यातच सांगणं आलं. तुमच्या टूलमधली अशी कोणती गोष्ट माणूस आपणहून दुसऱ्याला पाठवेल? रिपोर्टची लिंक? सेटिंग्जची (कॉन्फिगची) फाइल? ती लॉगिनशिवाय उघडते का? यावर इंजिनिअरिंगवाल्यांशी भांडावं लागलं तरी भांड.

जेटब्रेन्स ही कंपनी विद्यार्थ्यांना आपले कोड लिहायचे एडिटर फुकट देते. शिकताना हात बसलेला माणूस नोकरीत तेच मागतो, आणि तिथे पैसे कंपनी देते. आपल्याकडे हे विसरलं जातं: टूल निवडतो डेव्हलपर, पण पाकीट मॅनेजरच्या हातात. ‘किंमतीसाठी संपर्क करा’ असं लिहिलंत, तर तो बिचारा मॅनेजरला काय सांगणार? दर उघड छापा, जीएसटीचं बिल आपोआप जाऊ दे, डेटा कुठे साठतो ते एका पानात लिहा. त्याचं भांडण सोपं करून द्या.

सुरुवातीचे ग्राहक मात्र हातानेच मिळवावे लागतात. ऑनलाइन पेमेंटची कंपनी स्ट्राइप काढणारे कॉलिसन बंधू कुणी ‘वापरून बघतो’ म्हटलं की तिथल्या तिथे त्याचा लॅपटॉप मागून सगळं जोडून द्यायचे. तू पवईला जा, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये जा, लोकांच्या शेजारी बसून इन्स्टॉल करून दे आणि ते कुठे थबकतात ते बघ. आणि कुणाची गरज तुमच्या टूलनं भागणारी नसेल तर त्याला सरळ सांग, शक्य तर दुसरं नाव सुचव. असा माणूस स्वतः ग्राहक न होताही तुमच्याबद्दल चांगलं बोलतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल मला जराही शंका नाही.

साइन-अपच्या फॉर्ममध्ये ‘कुणाकडून कळलं?’ असा मोकळा रकाना ठेव. ड्रॉपडाउन नको, लोक आपल्या शब्दांत काय लिहितात ते वाचायचंय.

डॉक्युमेंटेशनची लिंक पाठव. शनिवारी ये, माझ्या कोऱ्या लॅपटॉपवर पहिल्यापासून चालवून बघू; मी मध्येच अडले तर तू काही सांगायचं नाहीस, नुसतं टिपून घ्यायचं.

तुझी,
ताई