कपात अंगावर काढू नका

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दिव्यांगांच्या मदतीच्या फेरतपासणीनंतर मदतनिसाचे आठवड्याचे तास २८ वरून १६ वर आले, भत्ता वरच्या दरातून खालच्या दरात गेला, आणि आता काय काय आवरतं घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी जण आहेत, म्हणून दाद मागायला मन धजत नाही.’ आवरतं घेण्याबद्दल लिहितोच, पण आधी या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू द्या, कारण मी स्वतः याच वाक्यापायी एक वर्ष घालवलंय.

पाठीच्या कण्याला इजा होऊन मला २१ वर्षं झाली. छातीखाली संवेदना नाही. या काळात माझी मदत दोनदा कापली गेली. पहिल्यांदा रात्रीची मदत गेली. रात्री दोनदा येऊन मला कुशीवर वळवणारा माणूस बंद झाला, कारण कागदावर लिहिलं होतं की झोपेच्या वेळी मदतीची गरज आढळत नाही. माझ्याहून गंभीर माणसं आहेत, त्यांना मिळू दे, असं म्हणून मी गप्प बसलो. जमवून घेतलं. चार महिन्यांनी माकडहाडाशी लाल डाग दिसला. तो दाबला तरी पांढरा पडेना. पुढच्या पंधरा दिवसांत त्याची जखम झाली, आणि मग ११ आठवडे रुग्णालयात पालथं पडून काढले. माझे गेलेले रात्रीचे तास दुसऱ्या कुणाला मिळाले असतील, असं मला त्या ११ आठवड्यांत कुणीही सांगितलं नाही. ते कुणालाच मिळाले नव्हते. आपण सोडलेली मदत पुढच्या गरजूकडे जात नाही, ती फक्त हिशेबातून वजा होते.

हे सविस्तर सांगतो कारण कपात शरीरात कशी शिरते हे बाहेरच्यांना दिसत नाही. हाड आणि गादी यांच्यात मांस पातळ असलं की तिथला रक्तपुरवठा दाबाने बंद पडतो. धडधाकट माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. आपल्याला दुखतच नाही, म्हणून आपण वळत नाही. खुर्चीत बसल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलायचं किंवा पुढे वाकायचं, हे आपल्याला शिकवलेलं असतं ते याच कारणाने. आता मदतनिसाचे तास घटले की काय होतं बघा. कार्यालयातल्या माणसाला वाटतं, बाहेर फिरणं कमी होईल. प्रत्यक्षात पहिलं कमी होतं ते पाणी. शौचालयात न्यायला दुपारी कुणी नाही, म्हणून माणूस सकाळपासून घोट घोट पितो, आणि महिन्याभरात मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मग व्यायाम सुटतो आणि स्नायू आखडतात. मग अंघोळ आठवड्यातून दोनदावर येते, त्वचा बघायला कुणी राहत नाही. आणि उरलेलं सगळं आई, बायको, नवरा किंवा मुलगी करते. कपात नाहीशी होत नाही ताई, ती घरातल्या कुणाच्या तरी कंबरेवर जाऊन बसते.

म्हणून १६ तासांत काय बसवायचं याचं माझं उत्तर असं: जे चुकलं तर शरीर बिघडेल ते आधी. वळवणं आणि त्वचा तपासणं, लघवी-शौच, पाणी, औषधं, पलंग ते खुर्ची ही ने-आण. घर अस्ताव्यस्त राहू द्या. पाहुणे काय म्हणतील ते म्हणोत. पण इथेच बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली. उरलेली कामं घरचे करतात आणि त्याची कुठेही नोंद राहत नाही. मग पुढच्या फेरतपासणीत एक ओळ येते, ‘गरजा कुटुंबाकडून भागवल्या जातात.’ म्हणजे तुमच्या आईने पाठ मोडून केलेलं काम तुमच्याच विरुद्ध पुरावा होतं. त्यामुळे आई जे करते तेही लिहून ठेवा, वेळेसकट, आणि जे झालंच नाही तेही लिहा.

वही कशी ठेवायची ते सांगतो, कारण यावरच माझी दुसरी लढाई जिंकली. ‘आज फार त्रास झाला’ अशा वाक्याचा उपयोग होत नाही. असं लिहा: ‘सकाळी ६.४० ला जाग. कपडे घालायला १ तास ५० मिनिटं. मधे दोनदा थांबावं लागलं. १०.३० ते १२ आडवी. दुपारी पाणी प्यायले नाही, कारण ४ पर्यंत कुणी नव्हतं. रात्री २ ला आईने वळवलं, तिला उचलताना कंबरेत कळ आली.’ चौदा दिवस सलग लिहा. बरा दिवस असेल तर तोही खरा खरा लिहा, आणि त्या दिवसाची किंमत दुसऱ्या दिवशी काय मोजली तेही. काहीही वाढवून लिहू नका. वाढवायची गरज पडत नाही, जे आहे तेच पुरेसं असतं.

खरी अडचण वेगळी आहे. आपण वर्षानुवर्षं ‘मला जमतं’ हे सिद्ध करण्यात घालवतो, त्यावर आपला स्वाभिमान उभा असतो, आणि फॉर्म म्हणतो, काय जमत नाही ते सांगा. माझ्या दुसऱ्या तपासणीत त्या बाईंनी ‘कसे आहात?’ विचारलं आणि मी सवयीने ‘ठीक’ म्हणालो. अहवालात आलं: ‘अर्जदार नीटनेटक्या कपड्यांत, एकटे आले, प्रकृती ठीक असल्याचे सांगितले.’ ते कपडे घालायला मला २ तास ४० मिनिटं लागली होती आणि पुढचा अख्खा दिवस मी पलंगावर होतो. हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लोकलज्जेने आपण तिथे जाऊन आपला सर्वांत चांगला दिवस दाखवून येतो. तुमच्या प्रश्नावरून वाटतं, तुमचंही हेच झालं असावं.

ब्रिटनच्या नियमांत याबद्दल एक फार कामाची गोष्ट आहे. तिथे २०१३ पासून ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ नावाचा भत्ता आहे, त्याला पिप म्हणतात. एखादी कृती तुम्ही करू शकता असं केव्हा धरायचं, तर ती सुरक्षितपणे, नीट, वारंवार आणि वाजवी वेळात करता आली तरच. वाजवी वेळ म्हणजे धडधाकट माणसाला जास्तीत जास्त जेवढा लागेल त्याच्या दुपटीपेक्षा अधिक नाही. आणि हे निम्म्याहून जास्त दिवस खरं असलं पाहिजे. तुमच्याकडचे नियम कोणतेही असोत, फॉर्मच्या प्रत्येक प्रश्नापुढे हे चार शब्द ठेवून बघा. ‘स्वतः जेवता का?’ याचं उत्तर ‘हो’ राहत नाही. ते होतं, ‘जेवते, पण हात थरथरतो, दोनदा भाजलंय, ४५ मिनिटं लागतात, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढी ताकद उरत नाही.’ यात रडगाणं नाही, पूर्ण उत्तर आहे.

त्याच भत्त्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. तो आणताना खर्च २० टक्के घटेल असा सरकारचा अंदाज होता, म्हणजे आकडा आधी ठरला आणि निकष त्यामागून आले. जुन्या पद्धतीत साधारण ५० मीटरही चालता येत नसेल तर वरचा दर मिळे, नव्या भत्त्यात ती मर्यादा २० मीटर झाली. कुणाच्याही पायात एका रात्रीत ताकद आली नव्हती, फक्त रेघ सरकली. वरचा दर गेला की त्या पैशातून भाड्याने घेतलेली गाडीही परत द्यावी लागते, आणि हजारो लोकांना ती द्यावी लागली. अशा वेळी ‘आपण पुरेसे अपंग नाही की काय’ अशी जी शंका मनात येते, ती याच सरकलेल्या रेघेने पेरलेली असते. पुढे अपिलात गेलेल्यांपैकी काही वर्षांत दहातले सुमारे सात जण जिंकले. खटपट न करता घरी बसलेले किती, ते कुणी मोजत नाही.

वर एका सदस्याने लिहिलंय की मदत कमी झाली की माणूस हळूहळू स्वावलंबी होतो. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हे खरं नाही, आणि हे वाचून कुणी आपली मदत सोडू नये म्हणून इथेच उत्तर देतो. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखाली हालचाल जवळजवळ नव्हती, रात्री लोखंडी श्वासयंत्रात झोपावं लागे. ज्या पुनर्वसन खात्याने त्यांना नोकरी करण्याच्या लायक नाही ठरवलं होतं, त्याच कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याचे ते १९७५ साली प्रमुख झाले. हे मदतनीस कमी करून झालं नाही. मदतनीस होते म्हणून ते शिकले, १९७२ साली बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं त्यात पुढे होते, आणि खातं चालवू शकले. स्वावलंबन म्हणजे शर्टाची बटणं स्वतः लावणं नव्हे. सकाळी कुठे जायचं हे स्वतः ठरवता येणं म्हणजे स्वावलंबन, बटणं कुणी का लावेना.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात (२००६) हेच लिहिलंय. कलम १९ समाजात स्वतंत्र राहण्याबद्दल आणि त्यासाठी लागणाऱ्या वैयक्तिक मदतीबद्दल आहे, कलम २८ पुरेशा राहणीमानाबद्दल आणि सामाजिक संरक्षणाबद्दल. अर्जात या दोन कलमांचा एका ओळीत उल्लेख करा, लांबण लावू नका. करारामुळे पैसे लगेच मिळत नाहीत, पण त्याचं वजन असतं. ब्रिटनमधल्या दिव्यांगांच्याच एका गटाने तक्रार नेली, आणि या कराराखालची पहिलीवहिली चौकशी त्यातून झाली. कपातींमुळे हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झालं, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१६ मध्ये म्हटलं. सरकारने ते अमान्य केलं. तरी ते नोंदलं गेलं.

सगळ्या लढाया जिंकत नाहीत, हेही सांगायला हवं. ब्रिटनचा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ बंद करण्याचा निर्णय २०१३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला, तरी सरकारने नव्याने निर्णय घेऊन जून २०१५ मध्ये तो बंद केलाच. पण उलटही होतं. पिप किती मिळायचा हे तपासणीत पडलेल्या गुणांवर ठरतं, आणि मानसिक त्रासामुळे एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्यांचे हे गुण कमी करणारा नियम २०१७ मध्ये आला. कागदपत्रांत फक्त दोन आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीने त्याला आव्हान दिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यायालयाने तो भेदभाव ठरवला, आणि सरकारला सुमारे १६ लाख प्रकरणं पुन्हा तपासण्याचं जाहीर करावं लागलं. तुमचा ‘माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतले’ हा मुद्दा इथे उलटा होतो. त्यांच्यातल्या पुष्कळांना पेन धरण्याचंही त्राण नसतं. ज्याला लिहिता येतं त्याने लिहिलं, तर त्यांच्यासाठीही रेघ मागे सरकते.

आता तुमच्यापुरतं. निर्णयपत्र काढा आणि दाद मागायची मुदत बघा. बऱ्याच ठिकाणी ती जेमतेम महिन्याभराची असते. वही पूर्ण होण्याची वाट बघत बसू नका, ‘निर्णय मान्य नाही, पुरावे पाठवत आहे’ एवढं लेखी आधी द्या आणि पोच घ्या. तपासणी अहवालाची प्रत मागा. ती आली की ओळ न् ओळ वाचून जिथे चूक आहे तिथे वहीतली तारीख लिहा. डॉक्टरांकडून आजाराच्या नावाचं पत्र नको, ते कार्यालयाकडे आधीच असतं. फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं कशी जमतील ते बघणारा तज्ज्ञ) सांगा, ‘मदत नसेल तर काय होईल’ एवढंच लिहून द्या. माझ्या वेळी त्या एका पानाने काम केलं. ‘दर तीन तासांनी वळवले नाही तर जखम पुन्हा उघडेल,’ असं त्यात होतं, आणि माझे रात्रीचे तास परत आले.

हे सगळं थकवणारं आहे, मला माहीत आहे. पत्र येणार म्हणून दारातल्या प्रत्येक चाहुलीला पोटात गोळा यायचा माझ्या. त्या दिवसांत एकच व्यवस्था उपयोगी पडली: सरकारी पाकिटं मी एकट्याने उघडायची नाहीत, एक मित्र येऊन उघडायचा, वाचायचा, आणि मग चहा झाल्यावर मला सांगायचा. तुमच्याकडे असं कुणी असेल तर त्याला आजच सांगून ठेवा. नसेल तर इथे लिहा, आपल्यातलं कुणीतरी फोनवर बरोबर बसेल.

आणि पत्रावरची तारीख बघून मला कळवा, किती दिवस उरलेत ते. त्यावरून पहिला अर्ज आपण दोघं मिळून लिहू.