वाचकांचे प्रश्न : गावाकडचा वेगवान गोलंदाज

प्रश्न : माझा भाचा १९ वर्षांचा असून चोपडा तालुक्यातील आमच्या गावी राहतो. घरची दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यामुळे बहिणीचा संसार मजुरीवरच चालतो. टेनिस बॉलच्या स्पर्धांत त्याचा वेग असा आहे की बाहेरगावचे संघ त्याला पैसे देऊन खेळायला नेतात. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कठीण चेंडू, मात्र त्याने अजून हातात धरलेला नाही. मेहुणे पोलीस भरतीची तयारी करायला सांगतात आणि तो भारताचा वेगवान गोलंदाज उमेश यादवचे नाव पुढे करतो. त्याचे वय निघून गेले आहे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : वय निघून गेलेले नाही, आणि आपल्या भाच्याने दिलेले उदाहरण अगदी योग्य आहे. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा असलेल्या उमेशने स्वतः पोलीस भरतीचाही प्रयत्न केला होता. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. सीझन बॉल हाती आल्यावर मात्र फार वेळ लागला नाही. २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी खेळला, २०१० मध्ये भारतीय एकदिवसीय संघात आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटीत उतरला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. पुढे ५७ कसोटींत त्याने १७० बळी घेतले.

या उदाहरणातील एक बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. त्याचा वेग अंगचा होता हे खरे, पण विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे याने तो वेळीच ओळखला आणि त्याला पुढे आणले. म्हणून भाच्याने या वर्षी करायची गोष्ट एकच : जिल्हा क्रिकेट संघटनेकडे नोंद असलेल्या क्लबात दाखल होऊन सीझन बॉलवर सामने खेळणे. टेनिसच्या स्पर्धेत कितीही चषक जिंकले तरी निवड समितीच्या दप्तरी त्यांची नोंद होत नाही. खानदेश महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो आणि तिथे पुणे, नाशिक, कोल्हापूरकडच्या मुलांशी चुरस असते, त्यामुळे वाट अवघड आहे, हे मी लपवणार नाही. तरीही १९ वर्षांखालील गटाची संधी हुकली, तर २३ वर्षांखालील गट त्याला अजून खुला आहे. जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतील तारखा जुळतात का, हे आजच पाहून घ्यावे.

चेंडू बदलला की गोलंदाजीही बदलते. सीझन बॉलचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे साध्या टेनिस चेंडूच्या जवळजवळ पावणेतीन पट असते. तर्जनी आणि मधले बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर, आणि चेंडू सुटताना मनगट त्याच्या थेट मागे राहिले, तरच शिवण उभी राहून चेंडू हवेत वळतो. टेनिस बॉलवर झटका देऊन वेग काढण्याची सवय लागते, ती इथे महागात पडू शकते. कारण टाकताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ होणे नियमबाह्य आहे. तमिळनाडूतील सेलमजवळच्या खेड्यातून, तेही टेनिस बॉलवरूनच, आलेल्या टी. नटराजनच्या शैलीवर २०१५ मध्ये रणजी पदार्पणानंतर आक्षेप आला. शैली नव्याने घडवून तो परतला आणि २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर निव्वळ नेटमधील, म्हणजे सरावात फलंदाजांना चेंडू टाकणारा गोलंदाज म्हणून गेला असता एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि कसोटी या तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. त्याचा यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, टेनिस बॉलवरच पक्का झाला होता, तेव्हा गावातली ती वर्षे वाया गेली असे भाच्याने मुळीच समजू नये.

मेहुण्यांनाही माझी बाजू सांगा. भरतीसाठीचे धावणे आणि गोळाफेक वेगवान गोलंदाजाच्या अंगाला पोषकच आहे, तेव्हा दोन वर्षे दोन्ही तयारी सोबत चालू द्यावी. मजुरीवर चालणाऱ्या घरातील मुलाला सगळे सोडून पुण्याला जा असे सांगणारे लोक पुष्कळ भेटतील. निदान जिल्ह्याच्या संघात निवड होईपर्यंत तरी त्यांचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याचे प्रशिक्षक त्याच्याकडून रोज दोन तास गोलंदाजी करून घेतात. महिनाभरापासून त्याच्या कमरेत एका बाजूला दुखते, विशेषतः मागे वाकताना. सर म्हणतात, सवयीने जाईल.
— एक आई, शिरपूर

उत्तर : ताई, हे दुखणे सवयीने जाणारे नाही. गोलंदाजी आजच थांबवा. पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार कमरेच्या मणक्यांवर येतो, आणि त्याच वेळी पाठ मागे व बाजूला वळलेली असते. वाढत्या वयातील हाडे पुरती पक्की झालेली नसल्याने तिथे बारीक चीर पडू शकते, आणि ती बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते. ही चीर सुरुवातीला साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना मुलगा वेगवान गोलंदाजी करतो हे आवर्जून सांगा आणि एमआरआय करावा का, हे विचारा. वेळेत विश्रांती मिळाली तर अशी चीर काही महिन्यांत भरून येते. परतल्यावर एका दमात पाच-सहा षटकांहून जास्त टाकू नयेत, लागोपाठच्या दिवसांत गोलंदाजी टाळावी, आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो त्या मे महिन्यात सराव सकाळी लवकरच उरकावा. प्रशिक्षकांना हे मान्य नसेल, तर प्रशिक्षक बदला.