दोन निवडणुकांच्या मधली वर्षं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. मत देऊन काहीच बदलत नाही, मग द्यायचंच कशाला, असा तुझा रोखठोक सवाल आहे. त्याऐवजी गट करून समाज बदलायचा तुझा विचार आहे, आणि कामाच्या विषयांची यादीही तू पाठवली आहेस. त्यामागचा संताप खरा आहे, हे मला कळतं. पण मत द्यावं की न द्यावं या वादात मी फार वेळ घालवणार नाही. माझं ऐकशील तर मतदान करून ये. त्याला फार वेळ लागत नाही, आणि घरी बसल्याने कुणाला धडा शिकवला जातो असंही नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वर्षांबद्दल. निवडून आलेला माणूस काय करतो याकडे डोळे लावून बसायची आपल्याला सवय लागली आहे, ती आधी मोडायला हवी. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

महाडचंच घे. चवदार तळ्याचा सत्याग्रह तुला माहीत आहे, पण त्याआधीची चार वर्षं फारशी कुणी सांगत नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपल्या हद्दीतलं तळं खुलं करण्याचा ठराव केला. म्हणजे मतं पडली होती, बहुमत झालं होतं, कागद तयार होता. तरी तळ्याचं पाणी तिथल्या अस्पृश्यांना मिळत नव्हतं. एकट्यादुकट्याने ओंजळ भरायला जावं तर मार खाऊन परत यावं लागेल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेली हजारो माणसं बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली, तेव्हा त्या कागदात पहिल्यांदा जीव आला. त्याच दिवशी परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये लोक पुन्हा महाडला जमले. प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ठराव देणारी आणि तो काढून घेणारी नगरपालिका एकच होती. तळ्यावर जाऊन आलेल्या माणसांमध्ये जो बदल झाला, तो मात्र कुठल्याच सभागृहाला मागे घेता आला नाही. तू ज्याला 'समाज बदलणं' म्हणतेस ते मला तिथे दिसतं. कायदा हवाच, पण तो वापरायला एकत्र निघणारी माणसं नसतील तर तो दप्तरातच राहतो.

आता तू म्हणशील, तिथे बाबासाहेब होते, आमच्याकडे कोण आहे? मोठ्या नावांच्या मागे जी तयारी असते ती आपल्याला शिकवलीच जात नाही, म्हणून असं वाटतं. अमेरिकेतल्या माँटगोमेरीचा बस बहिष्कार बघ. सांगताना सांगतात की रोझा पार्क्स नावाच्या दमलेल्या काळ्या बाईने १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि शहर पेटून उठलं. तसं काही आपोआप झालं नाही. पार्क्स कित्येक वर्षं संघटनेचं काम करत होत्या. त्या शहरात काळ्या स्त्रियांची 'विमेन्स पोलिटिकल कौन्सिल' १९४६ पासून होती, आणि त्यातल्या जो ॲन रॉबिन्सन यांनी महापौरांना १९५४ मध्येच पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. पार्क्स यांना अटक झाल्याची बातमी आली त्या रात्री रॉबिन्सन, त्यांचा एक सहकारी आणि दोन विद्यार्थी कॉलेजमध्ये गेले, स्टेन्सिल कापली आणि रात्रभर हजारो पत्रकं छापली. कुठला गठ्ठा कुणाकडे द्यायचा, हे ठरलेलं होतं. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळजवळ रिकाम्या धावल्या.

हे लोक मतदार म्हणून जवळपास नगण्य होते. मतदार यादीत नाव लागू नये म्हणून काळ्या नागरिकांपुढे कर, साक्षरतेच्या परीक्षा, धमक्या असं सगळं उभं केलेलं होतं. त्यांच्याकडे होतं ते रोजचं बसचं भाडं, आणि ते न देण्याचा एकमुखी निर्णय. पण लोकांना कामावर तर पोचायला हवं होतं. मग खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली: कुठल्या चौकात किती वाजता गाडी येणार, कोण चालवणार, पेट्रोलचे पैसे कुठून येणार. चर्चेसच्या नावावर गाड्या घेतल्या. त्या गाड्यांचा विमा पुन्हा पुन्हा रद्द व्हायला लागला, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्समार्फत विमा उतरवला. असं ३८१ दिवस चाललं. विजय मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पण निकाल येईपर्यंत हजारो माणसांना रोज सकाळी कामावर पोचवलं ते या वेळापत्रकाने. मला भाषणांपेक्षा ती विम्याची खटपट जास्त मोलाची वाटते. तुझ्या गटात घोषणा देणारे पुष्कळ येतील. वेळापत्रक लिहिणारा एक जरी मिळाला तरी त्याला सांभाळ.

आता कामाची सुरुवात कुठून करावी, याबद्दल.

तू जी यादी पाठवली आहेस ती भ्रष्टाचार, बेकारी, पर्यावरण, शिक्षण अशा शब्दांनी भरलेली आहे. त्यातला एकही शब्द धरून बैठक बोलावता येत नाही. कराचीतल्या ओरंगी वस्तीत अख्तर हमीद खान या समाजकार्यकर्त्याने १९८० मध्ये 'ओरंगी पायलट प्रोजेक्ट' ही संस्था काढून काम सुरू केलं ते नीट समजून घे, कारण माझ्या मते या विषयातलं सगळ्यात कामाचं शहाणपण तिथे आहे. वस्ती प्रचंड मोठी, बहुतेक अनधिकृत, आणि सांडपाणी गल्लीतून उघड्यावर वाहणारं. गटार बांधणं सरकारचं काम आहे, असं लोक म्हणायचे. ते चूक नव्हतं, पण सरकार येत नव्हतं. खानसाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाची वाटणी केली. घरातला संडास, गल्लीतली भूमिगत गटार आणि काही गल्ल्यांचं पाणी एकत्र नेणारी वाहिनी एवढं लोकांनी स्वतःच्या पैशाने करायचं. मुख्य मलवाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र सरकारने करायचं. एकक ठरलं गल्ली, साधारण वीस-तीस घरांची. गल्लीने आपल्यातला एक माणूस निवडायचा, त्याने वर्गणी गोळा करायची, काम लोकांनीच उरकायचं. संस्था मोजणी, नकाशा, खर्चाचा अंदाज आणि अवजारं देणार, पैसा देणार नाही. मधला ठेकेदार गेल्यामुळे खर्च खूप खाली आला. एका गल्लीतलं काम पाहून शेजारची गल्ली विचारायला यायची.

वीस-तीस घरं हा आकडा मनात ठेव. एवढ्या घरांत सगळे एकमेकांना ओळखतात, कुणी वर्गणी दिली नाही ते कळतं, आणि कुणाला ती देणं खरंच झेपत नाही तेही कळतं. हजार घरांच्या सभेत या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

आणि त्या वाटणीचा दुसरा अर्धा भाग विसरू नकोस. मुख्य वाहिनी सरकारचीच राहिली. काही लोक 'आपणच करून टाकू' या उत्साहात सरकारला मोकळं सोडतात, त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. ओरंगीतल्या लोकांनी तसं केलं नाही. खानसाहेबांच्या सहकारी परवीन रहमान यांनी स्थानिक तरुणांना मोजणी आणि नकाशे शिकवून वस्त्यांमधली गटारं, नाले कागदावर आणले, आणि ते नकाशे घेऊन सरकारशी वाद घातला. २०१३ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. जमीन, पाणी, पैसा यांच्याशी ज्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात ते गप्प बसत नाहीत. म्हणून कधीही एकटी पुढे जाऊ नकोस. कुठल्याही कचेरीत जाताना बरोबर माणसं असू देत, आणि आपण काय करतोय ते वस्तीत सगळ्यांना माहीत असू दे. गुप्तपणे काम करणाऱ्या एकट्या माणसाला अडवणं सगळ्यात सोपं असतं.

सरकारकडे जे मागायचं ते लेखी माग आणि अर्जाची पोच घे. तोंडी आश्वासनावर गट थकतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, तेव्हा त्यांनी केलं ते एवढंच: कामाची बिलं आणि मजुरांची मस्टर मिळवली आणि गावासमोर मोठ्याने वाचली. ज्यांच्या नावापुढे मजुरी दिल्याची नोंद होती ती माणसं उभी राहून सांगायची की आम्ही त्या कामावर गेलोच नव्हतो. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा अशा गावसभांच्या पायावर उभा आहे. पण जी दुसऱ्याचा हिशेब मागते तिची स्वतःची वही उघडी हवी. वर्गणी किती आली, कशावर गेली, हे दर बैठकीच्या सुरुवातीला वाचून दाखव, रक्कम कितीही किरकोळ असो. चांगले गट पैशाच्या संशयावरून फुटतात, आणि बऱ्याचदा पैसा खाल्लेलाही नसतो, फक्त सांगितलेला नसतो.

निर्णय कसे घ्यायचे, हा प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तो लवकरच येईल. मतदानाला कंटाळून आलेले लोकही बैठकीत पहिला वाद झाला की 'हात वर करा' म्हणतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वेगळी वाट धरली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावात ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचंही पटत नसेल तर चर्चा पुढे चालू राहते. सोबत अभ्यासगट असतो, त्यात निर्णयाचं दडपण न ठेवता फक्त समजून घ्यायचं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत हे गाव आहे. कायद्याची कलमं त्यांनी इतक्या बारकाईने वाचली होती की पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यासाठीही ते वन खात्याशी भांडू शकले.

सर्वसहमतीला वेळ फार लागतो. तुझ्या वयाच्या माणसांना तो वाया गेल्यासारखा वाटेल. पण बहुमताने हरलेली माणसं कामाच्या दिवशी येत नाहीत, आणि आपलं काम अंगमेहनतीचं आहे, कुणी सत्तेच्या जोरावर करून घेता येण्यासारखं नाही. एक धोका मात्र लक्षात ठेव. गप्प बसणं म्हणजे संमती असं धरलं की सर्वसहमतीच्या नावाखाली बड्या घरांचंच चालतं. मागे बसलेल्या बायका, भाडेकरू, वस्तीत नवीन आलेले, यांना नाव घेऊन विचार. तिथे त्यांना बोलायला जमत नसेल तर त्यांच्या घरी जाऊन विचार आणि त्यांचं म्हणणं बैठकीत त्यांच्याच शब्दांत मांड.

मोबाइलवरच्या गटाबद्दल थोडंच लिहिते. निरोपासाठी तो उत्तम, निर्णयासाठी वाईट. तिथे होकाराचा अंगठा पाठवणारे सगळे कामाला येतील असं धरून चालू नकोस.

बैठकीचा वार आणि वेळ एकदा ठरव आणि बदलू नकोस. सुरुवातीला तीनच माणसं आली तरी बैठक घे, इतिवृत्त लिही, पुढचं काम नावानिशी वाटून दे. घरोघर फिरताना आधी आपलं म्हणणं सांगू नकोस. 'तुम्हाला रोज कशाचा त्रास होतो?' एवढं विचार आणि लिहून घे. तुझ्या यादीतला विषय त्यात नसेल तर तो बाजूला ठेवायची तयारी ठेव. मला माहीत आहे, हे जड जाईल.

आणखी एक, जरा कठोर वाटेल असं. सहा महिन्यांनी वर्तमानपत्रात फोटो येईल तेव्हा त्यात तू मधोमध नसावीस. तुझ्याशिवाय बैठक होते की नाही, हे अधूनमधून मुद्दाम न जाऊन बघत जा. होत नसेल तर इतिवृत्त, हिशेब, अर्ज यातलं एकेक काम दुसऱ्या कुणाच्या हाती दे आणि ते तुझ्यापेक्षा सावकाश झालं तरी मध्ये पडू नकोस.

पुढच्या पत्रात मला मोठे विचार लिहू नकोस. कुठली वीस घरं निवडलीस, कुणी दार लावून घेतलं आणि का, लोकांनी सांगितलेल्या त्रासांत सगळ्यात जास्त वेळा काय आलं, आणि दुसऱ्या बैठकीला किती जण होते, तेवढं कळव. पहिल्या बैठकीचा आकडा नको, पहिलीला लोक उत्सुकतेने येतात.

तुझी,
ताई