१०,००० गॉस आणि १ टेस्ला एकच का? चुंबकी ग्रिल घेताना कोणता आकडा धरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिचोलीत काजूचा छोटा कारखाना आहे, पॅकिंगच्या आधी काजूगराच्या तुकड्यांतून लोखंडाचे कण काढायला चुंबकी ग्रिल बसवायचंय. एक विक्रेता ‘१२,००० गॉस’ म्हणतो, दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये ‘१ टेस्ला’ लिहिलंय आणि तो महाग आहे. मग बारा हजारवालाच घ्यावा ना?

हिशेब सोपा आहे. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, म्हणजे पहिल्याचं १.२ टेस्ला झालं. पण एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला आहे, असल्या ग्रिलमधल्या चुंबकी दांड्या तपासणं माझ्या कामातच येतं. आकडा नेमका कुठे मोजला हे कळल्याशिवाय त्याला काडीची किंमत नाही.

आधी एकक. क्षेत्राशी काटकोनात १ मीटर तार धरली, तिच्यातून १ अँपिअर प्रवाह सोडला आणि तारेवर १ न्यूटन बल आलं, तर ते क्षेत्र १ टेस्ला. १ न्यूटन म्हणजे शंभर ग्रॅमच्या काजूच्या पाकिटाचं वजन, जेमतेम. वाचताना किरकोळ वाटतं, पण १ टेस्ला हे दांडगं क्षेत्र आहे. गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र भरतं ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे अर्धा गॉससुद्धा नाही. एमआरआयची यंत्रं बहुतेक १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. निकोला टेस्ला यांचं नाव या एककाला १९६० मध्ये मिळालं. गॉस त्याआधीच्या सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद) पद्धतीतला. चुंबकाच्या बाजारात मात्र अजून गॉसच चालतो. सवय हे एक कारण, आणि पाच आकडी संख्या विकायला बरी दिसते हे दुसरं, असं माझं मत.

आता ते बारा हजार. या दांड्यांत भरतात त्या निओडिमियम चुंबकाच्या तक्त्यात ‘रेमनन्स’ (चुंबक बनवल्यावर पदार्थाच्या आत उरणारं क्षेत्र) नावाचा रकाना असतो. एन-३५ ग्रेडला तिथे १२,००० गॉसच्या जवळपासच आकडा दिसतो. हा त्या पदार्थाचा गुण झाला. तेच चुंबक सुटं टेबलावर ठेवून पृष्ठभागावर मोजलंत तर आकारानुसार तीन ते पाच हजार भरतील. काही विक्रेते तक्त्यातला आकडा उचलून सरळ जाहिरातीत टाकतात. खोटं म्हणता येत नाही, पण तुमच्या काजूला त्याचा उपयोग शून्य.

दांडीवर खरोखर दहा-अकरा हजार मिळू शकतात, पण ते वेगळ्या रचनेमुळे. स्टेनलेस स्टीलच्या नळीत चुंबकाच्या चकत्या सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून दाबून बसवतात आणि मध्ये लोखंडाची पातळ चकती घालतात. सगळं क्षेत्र त्या चकतीतून बाहेर फेकलं जातं. गॉसमीटरचा प्रोब (क्षेत्र मोजणारी सळई) दांडीवरून हळूहळू सरकवा: लोखंडी चकतीपाशी आकडा उसळतो, दोन लोखंडी चकत्यांच्या मध्यावर जवळजवळ शून्यावर येतो, पुढच्या चकतीला पुन्हा उसळतो, या वेळी उलट्या चिन्हाने. लोखंडाचा भुगा टाकलात तर तोही या लोखंडी चकत्यांच्या जागीच रिंगणं करून बसतो. कण ओढायला नुसतं क्षेत्र पुरत नाही, ते थोड्या अंतरात झपाट्याने बदलावंही लागतं; ही रचना त्यासाठीच.

याची दुसरी बाजू अशी की पृष्ठभागापासून दोनेक सेंटिमीटर लांब गेलं की हजारांचे शेकडे होतात. म्हणून १०,००० ची दांडी घेऊन दोन दांड्यांमध्ये ऐसपैस जागा सोडली, तर मधून पडणारा कण चुंबकाला चुकवून खाली जातो. ग्रिल दोन थरांचं घ्या आणि खालच्या दांड्या वरच्यांच्या फटींखाली येतील असं बघा. दोन हजार गॉस जास्त मिळवण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

विक्रेत्याला सांगा, गॉसमीटर घेऊन ये आणि माझ्यासमोर मोज. प्रोबचं टोक दांडीला सपाट टेकलेलं हवं, तिरकं धरलं की आकडा पडतो. एक-दोन जागी नको, पूर्ण लांबीवर फिरवायला लावा आणि प्रत्येक लोखंडी चकतीपाशी येणारा आकडा लिहून घ्या. मोबाईलच्या अ‍ॅपने हे होणार नाही. त्यातला सेन्सर पृथ्वीच्या क्षेत्रासाठी बनवलेला, काही मिलिटेस्लांच्या पुढे तो गप्प बसतो, वर होकायंत्र बिघडतं ते वेगळं.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. साधं एन ग्रेडचं निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की कायमची ताकद गमावतं. ग्रिल भट्टीतून निघालेल्या गरम मालाखाली बसणार असेल तर ‘एसएच’ ग्रेड मागा, तो १५० अंशांपर्यंत टिकतो. तुमचा एक टेस्लावाला महाग का, हे कदाचित इथेच असेल. त्याला ग्रेड विचारा. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम कुठल्याही गॉसला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी मेटल डिटेक्टर वेगळा लागतो. आणि पेसमेकर बसवलेल्या कुणालाही या दांड्या धुवायला लावू नका.