गाडी एका बाजूला बसायली, स्प्रिंग गेली का शॉकअप?

तुम्ही विचारलंय की 2014 ची डिझेल स्विफ्ट आहे, मागची डावी बाजू बसल्यासारखी दिसायली, खड्ड्यात गेली की खडाड आवाज येतो आणि गॅरेजवाला म्हणतोय चारी शॉकअप बदला. दादा, आधी पैसे मोकळे करू नका. अंबाजोगाईला माझं छोटं गॅरेज आहे, सोळा वर्षं झाली हेच काम करायलोय, त्यावरून सांगतो.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. शॉकअप फक्त स्प्रिंगचं झुलणं थांबवतो. त्यामुळं खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली, शॉकअपच्या अंगावर तेल गळून माती बसलेली दिसली तर शॉकअप गेला समजा. पण तुमची गाडी तर उभ्या उभ्या झुकलीय, ती नवीन शॉकअपनं सरळ व्हायची नाही.

माप घरीच घ्या, फक्त जागा सपाट पाहिजे, फरशी नाहीतर काँक्रीट, अंगण नको. चारी टायरात कंपनीनं सांगितलेली हवा, डिकी रिकामी, आत कोणी बसलेलं नको. आणि नुकतीच जॅकवरून उतरवली असेल तर आधी पाच-दहा फूट पुढं-मागं करा, नाहीतर चाकं आत ओढलेली राहतात आणि गाडी उगाच उंच दिसते, इथंच बरेच जण फसतात. मग चाकाच्या मधोमध टेप धरून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको. डाव्या-उजव्यात 5-7 मिमी फरक असला तर मी सोडून देतो, 15 च्या वर गेला की चाक काढतोच. चारी कोपऱ्यांचं माप घ्या हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची डावी स्प्रिंग बसली तरी गाडी डावीकडं कलते आणि तिचा भार मागच्या डाव्या चाकावर येतो, मग दोष पुढं आणि आपण मागं शोधत बसतो.

आता खरी बघायची जागा. स्प्रिंग बहुतेक वेळा मधून तुटत नाही, टोकाच्या वेढ्यात तुटते, जिथं ती खालच्या वाटीत बसते. आपल्याकडं काळं रान, पावसाळ्यात ती चिकट माती वाटीत जाऊन बसते आणि कित्येक दिवस ओल धरते, खडी लागून रंग उडालेला असतो, तिथं गंज बारीक खड्डे पाडतो आणि त्या खड्ड्यातनं चीर सुरू होते. वरून रस्तेही तसलेच, काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, म्हणून चांगल्या डांबराला पण लाटा येतात, त्यात ऊसाच्या हंगामात भरलेले ट्रॅक्टर. स्प्रिंगला आराम म्हणून नसतो.

केजच्या एका गुरुजींची डिझायर आली होती. दुसरीकडं मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकलेले, आवाज तसाच. त्या गाडीत मागं शॉकअप वेगळा आणि स्प्रिंग वेगळी, तुमच्या स्विफ्टलाही तसंच आहे, त्यामुळं शॉकअप बदलताना स्प्रिंगकडं कोणी बघितलंच नव्हतं. मी चाक काढलं, प्रेशरनं वाटी धुतली, तर चार बोटांचा तुकडा तुटून वाटीतच पडलेला. मातीनं झाकला होता म्हणून दिसत नव्हता. गुरुजींचे शॉकअपचे पैसे पाण्यात गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

पुढच्या चाकांचं वेगळं, तिथं स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना टंग करून आवाज आला, काही झटकन सुटल्यासारखं वाटलं, तर तुटलेली स्प्रिंग नाहीतर वरचं माउंटिंग-बेअरिंग, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक जिथं बॉडीला बसतं तो भाग. नुसता बारीक कट-कट असेल तर लिंक रॉड (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणारा छोटा दांडा) बघा, स्वस्तात काम होतं. पुढची स्प्रिंग तुटल्याचा संशय असला तर गाडी लांब नेऊ नका, तुटलेलं टोक टायर फाडू शकतं. आणि पुढच्या शॉकअपचा वरचा नट घरी खोलायचा नाही म्हणजे नाही, स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर (हवेचा नव्हे) लावल्याशिवाय नट सुटला तर जीवावर बेततं.

बदलायचीच झाली तर जोडीनं बदला, एक जुनी एक नवी ठेवली की झुकाव राहतोच. डिझेलची आणि पेट्रोलची पुढची स्प्रिंग दिसायला सारखी पण ताकद वेगळी, तारेची जाडी 12 ची 12.5 मिमी झाली तरी स्प्रिंग सतरा-अठरा टक्के कडक होते, डोळ्याला काहीच कळत नाही. म्हणून जुन्या स्प्रिंगवरचे रंगाचे पट्टे आणि पार्ट नंबर बघूनच घ्या. वेढ्यात घालायचे रबरी बफर कोणी सुचवेल, तुटलेल्या स्प्रिंगवर तो इलाज नाही, आणि चांगल्या स्प्रिंगमध्ये घातले की तेवढे वेढे काम करायचं थांबतात, सगळा ताण उरलेल्या वेढ्यांवर जातो. मी लावत नाही.

चारी कोपऱ्यांची मापं मिमीमध्ये आणि चाक काढून खालच्या वाटीचा एक फोटो इथं टाका, वाटी धुऊन काढा फोटो. बघून सांगतो.